पाचवा किलोमीटर

निकालाचा कागद हातात आला की अयूबचाचांच्या कपाळावर घाम येतो. धावलेली असते दुसऱ्याची पोरगी, घाम यांना. मी आधी हसायचे. "चाचा, परीक्षा तुमची हाये का?" असं चिडवायचे. ते डोळ्याला भिंग लावून कागदावर वाकलेलेच असायचे.

नागभीडला जंक्शनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला चिकटून असलेल्या दुकानात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. मोबाइल आल्यापासून घड्याळ घेऊन कोण येतंय? आलं तर सेल बदलायला. पण शाळांच्या खेळांत तीस वर्षं वेळ घेतली ती यांनीच, कारण भरवशाचं स्टॉपवॉच यांच्याकडेच होतं. म्हणून वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या पोरी अजूनही आपले आकडे घेऊन यांच्याकडे येतात. चाचा स्वतः उभ्या जन्मात बस पकडायलाही धावले नसतील, पण कागद वाचून कोणी कुठे आळस केला ते बरोबर सांगतात.

माझी मोठी बहीण रोशनी त्यांची लाडकी. तिला या नव्या शर्यतीचं वेड लागलं होतं. एक किलोमीटर पळायचं, मग ताकदीचं एक काम करायचं. पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा काम, असं आठ वेळा. वजनाची गाडी ढकला, ती दोराने ओढा, जमिनीवर झोपून उठून उड्या मारा, बसून वल्ह्याचं मशीन ओढा, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चाला. पैसे भरून लोक ही हमाली करतात, यावर आमच्या आईचा वर्षभर विश्वास बसला नव्हता. रोशनी घरच्या धानाचं पोतं खांद्यावर घेऊन अंगणात गुडघे टेकत फिरायची आणि आई कपाळावर हात मारायची.

एप्रिलच्या शेवटी चंद्रपूरला अशी शर्यत झाली. अकरा बायांमध्ये रोशनी तिसरी आली. चौकात तिच्या फोटोचा फलक लागला. मी तिच्या निकालाचा कागद छापला आणि मिरवत चाचांसमोर ठेवला.

चाचांनी एकदा वाचला, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. पहिले चार किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आगेमागे. पाचवा नऊ मिनिटं दहा सेकंद.

"थकली असंल न चाचा," मी म्हटलं.

"थकला मानूस सगळीकडं थकते, बेटा. हे पाह्य. उड्या मारल्या अन् पाचव्यात इतकी मागं पडली, मंग बसून मशीन ओढलं ते सगळ्याहून जल्दी. सहावा किलोमीटर पुन्हा सहा मिनिटांत. मंग गुडघे टेकून चालली, अन् आठवा गेला पावणेनऊवर. चावी उतरली का घड्याळ हळूहळू मागं पडते. हे मधातच थांबून पुन्हा चाललं. आतमंदी काही तरी अडकून राह्यलं."

त्यांनी रोशनीला बोलावून घेतलं. पायात गोळे आले होते का, विचारलं. गोळा आला की पाय दगडासारखा होतो.

"नाई चाचा. पाय मऊच होते. दुखत होते निसते, अन् माह्ये नाईच असे वाटत होते." एवढं सांगून ती हसली आणि जिमला गेली. मेच्या दुसऱ्या रविवारी नागपूरला मोठी शर्यत होती आणि तिला पहिल्या तिघींत यायचंच होतं.

ती गेल्यावर चाचा मला अश्विनबद्दल बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चिमूरकडचा पोरगा, सोळाशे मीटरला पहिला धावत होता. एप्रिलची दुपार. शेवटच्या वळणावर त्याचे पाय लटपटले, आणि सगळे ओरडत होते, "पळ, पळ!" चाचाही ओरडत होते. तो उठला, पळाला, पडला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. संध्याकाळी चाचांनी खिशात हात घातला तर स्टॉपवॉच तसंच चालू होतं. बंद करायचं राहूनच गेलं होतं. पोरगा सिकलसेलचा वाहक होता, हे नंतर कळलं.

आमच्या भागात सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आईबाप दोघांकडून आला तर माणूस आजारी पडतो. एकाकडूनच आला तर तो वाहक. त्याला काही होत नाही, तो सगळी कामं करतो. पण भर उन्हात, पाण्याविना, जीव तोडून पळाला तर एखाद्याला अश्विनसारखं होतं, गोळा न येता मऊच पाय गळून जातात.

"रोशनीची तपासनी झाली हाये न, बेटा?"

"हो न चाचा. शाळेतच झाली. कार्ड हाये घरी. काही नाई निघालं."

मी हे इतक्या सहज बोलले की चाचांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मी तोंड लपवत माझ्या दुकानात निघून आले.

कारण ते कार्ड माझं होतं. दोन्ही कार्डं माझीच होती. रोशनी सहावीत आणि मी पाचवीत असताना शाळेत तपासणीला लोक आले होते. रोशनी कोणाला घाबरत नाही, साप हाताने बाजूला करेल, पण सुई दिसली की तिचे डोळे पांढरे होतात. ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत बसली. मी माझं बोट टोचून आले आणि मग मोठ्या मर्दुमकीने तिच्या वर्गाच्या रांगेत उभी राहून दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं. चेहरे आमचे सारखे, रांग लांब, विचारतंय कोण? दोघींना चांगलं कार्ड मिळालं. आईने ती राशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली. आम्ही दोघी ती गंमत म्हणून कितीदा तरी हसलोय.

चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. भित्री म्हणा, नालायक म्हणा, माझं स्वतःला दोन्ही म्हणून झालं होतं. सांगितलं तर तिचं वर्षभराचं पळणं जातं. आणि नाही सांगितलं तर... याच्या पुढचं मला बोलवत नव्हतं. फॉर्म भरताना मी लोकांच्या जन्मतारखा चुकवत होते. रोशनी पहाटे पळायला निघाली की मी दारात उभी राहायची आणि ती परत येईपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा तिला दहा मिनिटं उशीर झाला तर मी चप्पल न घालता रस्त्यावर धावत गेले. समोरून ती येत होती. हळू, एका हाताने मांडी दाबत.

तिथेच, भर रस्त्यात मी रडायला लागले. "रोशनी, ते बोट माह्यं होतं. तुह्यी तपासनी झालीच नाई."

मला वाटलं ती ओरडेल. ती खाली धुळीत बसली.

"मले का माहीत नाई, माधू? चंद्रपूरच्या त्या पाचव्या किलोमीटरपासून हेच येऊन राह्यलं डोक्यात. रोज भेव लागते. तू काही बोलत नाई म्हनून मी बी नाई बोलली."

म्हणजे एका घरात, एका चटईवर, आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत पाठीला पाठ लावून झोपत होतो.

त्याच सकाळी तपासणीला गेलो. सुई टोचताना तिने माझ्या मनगटात नखं रुतवली, पण हात मागे घेतला नाही. पक्का रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. मधल्या रविवारी नागपूरची शर्यत होऊन गेली. रोशनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि मला, लाज वाटते सांगायला, तिचा श्वास चालू दिसतोय यातच सुख वाटत होतं.

रिपोर्ट आला. वाहक. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद करायची गरज नाही. पण भर उन्हात नाही, पाणी पीत, आणि पाय तसे दुखले की त्या क्षणी थांबायचं, मग शर्यत गेली उडत.

आम्ही दोघी चाचांकडे गेलो. मी सगळं सांगितलं, बोटाचंसुद्धा. ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला आणि डिसेंबरच्या शर्यतीसाठी आठ किलोमीटर एकाखाली एक लिहिले. चौथ्यानंतर रेघ मारली. सातव्यानंतर मारली. मग प्रत्येकानंतर एकेक रेघ मारत गेले.

"इथी थांबाचं. पानी पेचं. इथी बी. इथी बी."

रोशनीने बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा पडला. "चाचा, इतक्या वेळा थांबली तर किती वेळ जाईल माहीत हाये का? शेवटची येईन मी."

चाचांनी भिंग काढून ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जाऊ दे वेळ," ते म्हणाले. "तू राह्य."