शेऱ्याचा रकाना

उभ्या नाशिक जिल्ह्यात कॉम्प्युटरला वळण लावणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. मी त्यांच्या हाताखाली इश्यू काउंटरवर एकोणीस वर्षं काढली, तेव्हा हे मी छातीठोकपणे सांगू शकते. ग्रंथालयात कुजबुजही खपवून घेत नसत, पण स्वतः "शांतता!" म्हणून असे गरजत की बाहेर गंगापूर रोडवरचा रिक्षावाला दचकून ब्रेक दाबी. पुस्तकात कुणी पेन्सिलीची एक रेघ मारलेली दिसली, की त्या पोराला समोर बसवून खोडरबर हातात देत आणि अख्खं पुस्तक तपासायला लावत. त्यात त्याच्या रेघा कमी आणि मागच्या दहा पिढ्यांच्या जास्त निघत. "पूर्वजांचं पाप आहे, फेड," असं वर सुनवत.

कार्डांचे खण फक्त तपासणीला येणाऱ्यांसाठी होते. खरी यादी सरांच्या डोक्यात. पेठ तालुक्याकडचा एखादा पोरगा काउंटरशी येऊन घुटमळायचा, "सर, ते नाय का, लाल पुठ्ठ्याचं, लय जाड हे..." आणि सर मान वर न करता सांगायचे, "सांख्यिकी. तिसरं कपाट, वरून दुसरा खण." दिंडोरीहून परत आलेलं पुस्तक तर ते वासावरून ओळखत. "गंधकाचा वास मारतोय. फवारणी द्राक्षांवर केलीस की पुस्तकावर?" पोरगं ओशाळून हसायचं आणि दुसरं पुस्तक घेऊन जायचं.

नव्वदच्या दशकात कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्याला एसीची खोली मिळाली, प्लास्टिकचा अंगरखा मिळाला आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी मिळाली. सरांना तेवीस वर्षांच्या नोकरीत पंखासुद्धा धड मिळाला नव्हता. तरी खंडेनवमीला त्यांनी त्याची यथासांग पूजा केली. हळदकुंकू इतकं सढळ हाताने वाहिलं की ते फ्लॉपीच्या फटीत गेलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलं. "नैवेद्य आत गेला, म्हणजे देव पावला," एवढंच सर त्याला म्हणाले.

मग नोंदी सुरू झाल्या. लेखक, शीर्षक, विषय, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा एक रिकामा रकाना. तिथे सरांचं घोडं जे उधळलं ते आवरेचना. मराठी टायपिंग येईना म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्यांनी डोक्यातली सगळी यादी तिथे ओतायला घेतली. एका पुस्तकापुढे, 'लाल, जाड. शेवटच्या गणिताचं उत्तर चूक आहे, डोकं फोडून घेऊ नये.' दुसऱ्यापुढे, 'मधलं पान फाडलंय. फाडणारा सध्या तलाठी आहे.' पदार्थविज्ञानाच्या एका अवजड विलायती ग्रंथापुढे, 'पहिली दोन प्रकरणं सोड. तिसऱ्यापासून वाच, म्हणजे घाबरणार नाहीस.' तीन वर्षं हे चाललं. पोरं 'लाल जाड' असं टाइप करायची आणि पुस्तक सापडायचं.

या कामात त्यांचा एकमेव शिष्य होता जुमा. टांझानियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला असलेला, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. तिकडेही कॉम्प्युटर येणार म्हणून त्याला इकडे नाशिकला ग्रंथालयशास्त्र शिकायला पाठवलं होतं आणि अनुभवासाठी तो आमच्याकडे यायचा. सरावाला म्हणून त्याने सगळ्या नोंदी फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या. सर म्हणाले, "शेरे कशाला नेतोस? तुमची पोरं शहाणी असतील." जुमा त्याच्या नव्या कोऱ्या मराठीत म्हणाला, "नाही सर. आमची पोरं पण लाल जाडच मागतात."

जुमा मायदेशी गेला आणि इकडे माशी शिंकली. बाहेरची समिती तपासणीला येणार म्हणून प्राचार्यांनी आधी स्वतः कॉम्प्युटर चाळायला घेतला आणि हौसेने स्वतःचंच पुस्तक शोधलं. शेरा निघाला, 'प्राचार्यांचं आहे. मागितलं तर द्यावं, आपणहून देऊ नये.'

"सगळे शेरे आजच्या आज पुसा," प्राचार्य कडाडले.

"साहेब, माझा तो एक शेरा पुसा, हवं तर मला मेमो द्या," सर म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "पण बाकीचे राहू द्या. पुस्तकात काय आहे ते नावावरून कळतं, पण कुणाच्या हातात द्यायचं ते शेऱ्यावरून कळतं."

दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत तीन वर्षं पुसली. त्या दुपारी वाचनकक्षात पोरांनी बाजार मांडला होता, तरी सरांनी एकदाही "शांतता" म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं. पुढे दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. हाकेच्या अंतरावर राहायचे, पण ग्रंथालयाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

त्यानंतर चार वर्षांनी ग्रंथालयाच्या पत्त्यावर जुमाचा ईमेल आला. त्याच्याकडे आता सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर होती. शेऱ्याचा रकाना त्याने मुद्दाम ठेवला होता. काउंटरवरची माणसं त्यात स्वाहिलीत लिहीत आणि पोरं शोधायची ती त्याच रकान्यातून. पदार्थविज्ञानाचा तो ग्रंथ तिथेही होता. त्याच्यापुढचा सरांचा शेरा जुमाने मराठीतच राहू दिला होता. त्याने लिहिलं होतं, 'पोरं अर्थ विचारतात. मी सांगतो, माझे गुरुजी म्हणतात, घाबरू नकोस.'

त्याचा प्रिंट घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, त्यांच्याकडे आवृत्ती कोणती? नव्या आवृत्तीत प्रकरणं बदललीत म्हणे. पोरं चुकीच्या जागी सुरू करतील!"

दुसऱ्या दिवशी सर ग्रंथालयात हजर. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर एव्हाना कुणीच चपला काढत नव्हतं. त्यांनी काढल्या. आमच्या नव्या प्रणालीत शेऱ्याला जागाच नाही हे पाहिलं. मग कपाटातून त्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, नीट चाळली आणि माझ्यापुढे हात केला.

"पेन्सिल द्या."

मी दिली. त्यांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सुबक अक्षरांत लिहिलं, 'पहिली तीन सोड. चौथ्यापासून वाच. घाबरू नकोस.' आणि मला म्हणाले, "टांझानियाला कळवा."

आता सर नाहीत. तो ग्रंथ अजून काउंटरवरून जातो, येतो. हाताळून हाताळून अक्षरं पुसट होतात, तेव्हा मी पेन्सिल घेते आणि ती पुन्हा गिरवते.