एक कवेलू सरकवून

साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात माझ्या साडभाऊइतका शेगडीच्या नादी लागलेला माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतकं मला कोणी छळलंही नाही. साडभाऊ म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आरामशीनवर लाकडं चिरायच्या कामाला होता. तिथला फुकटचा भुसा पाहून त्याच्या डोक्यात जी शेगडी शिरली, ती निघालीच नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली तोंड पाडायचं, मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकायचा, बाटली ओढून काढायची आणि खालून पेटवायचं. एवढंच काम. पण त्याचं एवढ्यावर भागेल तर ना! सागाचा वाळवलेला भुसा तीन टोपली, धानाचा कोंडा एक टोपलं, मुसळाचे ठोके एकवीस, खालची झडप करंगळीएवढी उघडी. बाविसावा ठोका पडला तर सारा डबा उपसून पुन्हा भरायचा.

हिवाळ्यात कुणाच्याही घरी गेला की आधी खिशातली खोबरेल तेलाची बाटली काढून कोनाड्यात ठेवायचा. तेल गोठलं की, "भाऊ, हे घर हाय का गारठ्याचं गोदाम?" एकदा तेरवीच्या घरीही बाटली ठेवली. बाया रडत होत्या आणि हा बाटली हलवून पाहत होता. मी दंडाला धरून बाहेर आणला, तर म्हणतो कसा, "गेला तो गेला. राह्यले ते कुडकुडून राह्यले ना!"

मी सातवीपर्यंतच शिकलो, पण आग पेटवायला मला माझ्या बापानं शिकवलं. मला मापं सांगणारा हा कोण? पण आमच्या सिंदेवाहीकडची थंडी, आणि बायकोला दमा. लाकडाच्या धुरानं तिच्या छातीचा भाता व्हायचा. एक दिवस ती म्हणाली, "तुमचा तोरा ठेवा बाजूले. तुमचा साडभाऊ शेगडी बसवतो म्हणते, त बसवू द्या."

तीन दिवस त्यानं आमच्या घरी मापं बदलून बदलून पाहिली, भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ, आणि बायको न खोकता झोपलेली. जाताना त्यानं छपराचं एक कवेलू सरकवलं. म्हणाला, "बाकी माप चुकलं त चालन भाऊ, हे बंद करू नका. आगीलेही श्वास लागते."

तो गेला, आणि संध्याकाळी मी वर चढून कवेलू बंद केलं. घर तापवायचं आणि वरून थंडी आत घ्यायची, ही कुठली अक्कल? मी आपला पडवीत झोपलो. सकाळी येऊन बाटली पाहिली. तेल पातळ. मिशीवरून हात फिरवला आणि बायकोला हाक मारली, तर ती उठेना. ओढत अंगणात आणली. ओकली. दुपारपर्यंत तिचे डोळे नीट उघडले नाहीत.

माणसं जमली. साडभाऊ सायकल हाणत आला. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "तुह्या शेगडीनं जीव घेतला असता तिचा!" त्यानं आधी बायकोचे तळवे चोळले. मग आत जाऊन झडपेत करंगळी घालून पाहिली. मग वर पाहिलं. मग माझ्याकडं. मी नजर खाली केली नाही. एका ठोक्यासाठी डबा उपसणारा तो माणूस सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माह्यंच माप चुकलं, भाऊ."

त्यानंतर त्यानं शेगडी भरली नाही. आरामशीनवर लोक विचारत, "काऊन गा, आता कोणाले भाजतं?" तो मान खाली घालून फळ्या उचलायचा. आता घुग्घुसला मुलाकडं राहतो. मागं एका लग्नात भेटला. खिशात बाटली नव्हती. मी म्हटलं, "थंडी हाय." "हाय," म्हणाला आणि पंगतीला जाऊन बसला. त्या दिवशी चार लोकांत त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, तर मीही दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. मोठेपणा करून त्यानं मला जन्माचं खाली पाडलं. त्याचा राग अजून जात नाही.

यंदा बायकोला सारं सांगितलं. दोन दिवस तिनं माझं ताट पडवीतच आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले काऊन सांगता? त्याले सांगा."

तोंडानं सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिलं. तो वाचतो, हे मला ठाऊक आहे. भिंतीवरची त्याची मापं मी पुसलेली नाहीत. मोजून एकवीस ठोके मारले आहेत. कवेलू सरकवलं आहे आणि माझी खाट त्याच्याच खाली टाकली आहे, थंडी आधी मला लागते. कोनाड्यात एका बाटलीपुरती जागा मोकळी ठेवली आहे.