न वाचता कापलेली पाने

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या त्या काळी विलायतेहून येणाऱ्या कित्येक पुस्तकांची पाने कडेला जोडलेली असत. सुरीने ती कापत जावीत आणि वाचत जावे. आमच्या नाशिकच्या कॉलेजात अशा कोऱ्या पुस्तकांनी दोन कपाटे भरली होती, आणि ती कोरीच ठेवण्याची प्राध्यापकांनी जणू शपथ घेतली होती. स्वतः शिकताना काढलेल्या टिपणांच्या वह्यांवर बहुतेकांचे चालले होते. मी तिथे नवा, अजून कायम न झालेला. मामलेदार कचेरीतली नोकरी सोडून, वडिलांचा रोष पत्करून आलो होतो, तो केवळ वाचायला मिळेल म्हणून.

एके दिवशी युनिव्हर्सिटीची कमिटी पाहणीला येणार असे कळले. प्राचार्यांचा हुकूम सुटला: दोन दिवसांत सगळी पाने कापा, पुस्तके वापरातली दिसली पाहिजेत. झाले! एरवी ग्रंथालयाकडे न फिरकणारे घरून सुऱ्या घेऊन हजर. पंचवटीतली वांगी, टांगेवाल्यांची अरेरावी अशा गप्पा मारत भाजी चिरावी तशी पाने कापू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एखादं पान वाचा तरी!" मी ओरडलो.

इतिहासाचे वयस्कर प्राध्यापक हात न थांबवता म्हणाले, "अहो, वाचत बसलो तर परवापर्यंत उरकायचं कसं?"

सगळे हसले. मी सुरीला हात लावला नाही. कमिटीपुढे सारे सांगायचे, नोकरी गेली तरी बेहत्तर, असे मी ठरवून टाकले.

कमिटी आली. तिच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी कपाटातून एक जाड ग्रंथ काढला. उघडताच ताज्या कापलेल्या कडांचा भुसा त्यांच्या काळ्या कोटावर पडला. तो झटकत त्यांनी विचारले, "हा कोण वाचतं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बोट केले. "हे. आमच्याकडचे वाचणारे हेच. यंदा यांना कायम करायचं आहे."

"कसा वाटला ग्रंथ?"

बोलायची वेळ हीच होती. "फार उत्तम," मी म्हणालो.

मी कायम झालो. इतिहासाच्या प्राध्यापकांनी पेढे मागितले, मी दिले. त्यांच्यावरचा राग केव्हाच गेला. स्वतःवरचा जात नाही. तो ग्रंथ मी पुढे चार वेळा घरी आणला. पहिले पान उघडतो, कडेचा भुसा बोटांना लागतो, आणि मिटून ठेवतो. अजून वाचलेला नाही.