अंगठ्याने घडवलेली प्रजाती

बाजारातली मासेवाली तिला मुंडकीबाई म्हणायची, कारण ही बाई मासा कधी घ्यायचीच नाही, नुसती मुंडकी घ्यायची. नदीतल्या माशांच्या कल्ल्यांना आकडे रोवून फुकटात जगणारे चपटे कृमी, तिळाहून बारीक, हा तिच्या अभ्यासाचा विषय. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, हे ती त्या आकड्यांवरून आणि जनुकांवरून ठरवायची. "आधी घरातली नाती सांभाळा," वहिनी टोमणा मारायची. "घरातली नाती सूक्ष्मदर्शकाखाली घालू नयेत," ही हसून म्हणायची.

विद्यापीठातल्या तिच्या विभागप्रमुख सरांनी तरुणपणी फाकलेल्या आकड्यांची एक प्रजाती शोधून तिला आपल्या दिवंगत आईचं नाव दिलं होतं. कृमींच्या वंशवृक्षात तिची फांदी अगदी वेगळी. त्याच नदीतल्या त्याच माशाचे ताजे कृमी तपासताना मुंडकीबाईच्या लक्षात आलं, की ही प्रजाती मुळात नाहीच. शेजारच्या फांदीवरचाच साधा कृमी, पण स्लाइडवर काच ठेवताना सरांचा अंगठा जोरात पडला होता.

तिची नोकरी कंत्राटी, आणि कायम करण्याची शिफारस सरांच्या हातात. "ऑर्डर मिळेपर्यंत गप्प बस," सहकारी म्हणाले. तिचा पारा चढला. गप्प बसायचं होतं तर एवढी मुंडकी कशाला फोडली?

तिने सरांसमोर एकाच कल्ल्यावरचे दोन कृमी घेतले. एकावर काच अलगद ठेवली, दुसऱ्यावर अंगठा दाबला. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिला साधा होता. दुसऱ्याचे आकडे फाकले होते, थेट त्यांच्या प्रजातीसारखे.

"माझ्या आईचं नाव पुसणार तू?"

काच अलगद ठेव म्हणून याच माणसाने एकेकाळी तिच्या हातावर चापटी मारली होती.

"आईंचं नाव चुकीला चिकटलेलं मला बघवत नाही, सर. लेख छापायला जाणार."

"मग शिफारस जाणार नाही."

"नाही तर नाही!"

लेख गेला, नोकरीही गेली. वहिनीने कुरकुरत सूक्ष्मदर्शकासाठी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून दिलं.

मासेवालीच्या कानावर बातमी आलीच होती. "काय हो मुंडकीबाई, नोकरी सुटली म्हणे. आता तरी अख्खा मासा घेऊन नीट जेवा!"

ती पाटीवर वाकली. "नोकरी माझी सुटली. कृमींनी कल्ले सोडलेत का? काढ मुंडकी."