चाळीस रियाज आणि माझी एक स्क्रिप्ट

रविवारी दुपारी इम्रानच्या मोबाईलच्या दुकानात बसून मी लॅपटॉपवर एंटर दाबलं, आणि दोन मिनिटांत माझ्याकडचा तिचा आवाज संपला. सगळं बदललं ते तिथं.

ती कोण, ते मित्रांना ठाऊक आहे... मी कॉलेजात होतो तेव्हापासूनची. दर रविवारी आम्ही येडशीला रामलिंगच्या देवळाच्या पायऱ्यांवर भेटायचो. माकडांच्या धास्तीनं पिशवी मांडीत घट्ट धरून ती रियाज करायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची.

तिच्या फोनात जागा नसायची. मला पाठवलं की ती लगेच पुसून टाकायची. "तुझ्याकडं आहे ना, मग झालं," म्हणायची. त्यामुळं तिचा फोन दर वेळी एकच नाव द्यायचा, 'रेकॉर्डिंग १'. मी प्रत्येक रविवारचा वेगळा फोल्डर करून ठेवायचो. असे चाळीस झाले... मग भांडण झालं. चार महिने बोलणं बंद आहे.

माझ्या नव्या फोनवर त्या फाइली वाजेनात. डोकं फिरलं. तिचा आवाज कुठल्या कंपनीच्या मेहरबानीवर ठेवायचाच कशाला? सगळी गाणी आणि तिचे रियाज खुल्या फॉरमॅटमध्ये करून टाकू, म्हणजे जन्मभर वाजतील. बसल्या बैठकीला शेल स्क्रिप्ट लिहिली, लॅपटॉपला ओळीनं हुकूम सोडणारी. फाइल घे, बदल, नव्या फोल्डरात ठेव, जुनी पुसून टाक.

नवा फोल्डर सगळ्यांना एकच दिला होता. आणि तिच्या फाइलींचं नावही एकच... प्रत्येक रियाज आधीच्या रियाजावर बसत गेला. चाळीस आत गेले, एक बाहेर आला. सिनेमाची गाणी मात्र सगळी धड निघाली.

इम्राननं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. काही हाती लागलं न्हाय. "अरे येड्या, आधी दोन फाइलींवर करून बघायचं असतं. कॉलेज सोडलंस ते बरंच झालं, पुरा इंजिनिअर झाला असतास तर जिल्ह्याचं काय खरं नव्हतं." एरवी मी त्याची कॉलर धरली असती.

उरलेला रियाज शेवटच्या फोल्डरातला, भांडणाच्या दिवशीचा. त्या संध्याकाळी तिनं एक शब्दही न लिहिता पाठवला होता. मी रागात न ऐकताच ठेवून दिला होता. इम्राननं तो लावला.

थोडा वेळ ती गाते... मग मी येतो. "फोन बिझी का होता? कुणासंगं बोलत होतीस?" ती हसत म्हणते, "एवढं संपू दे की." मग तीन मिनिटं फक्त मी. ती मध्ये एकदाच म्हणते, "लोक बघायलेत रे."

इम्राननं आवाज बारीक केला. "तिच्याशी असाच बोलायचास?"

चार महिने मी सगळ्यांना सांगत होतो की आमचं भांडण झालं. त्यात भांडणारा एकटा मीच होतो.

कमेंटमध्ये कुणी 'तिला मेसेज कर' म्हणू नका. तिनं ते मला ऐकायलाच पाठवलं होतं. मी ऐकलं, पण बाकीचे एकोणचाळीस घालवून. आता कुठल्या तोंडानं काय मागू?

"बस, चहा सांगतो," इम्रान म्हणाला. मी न्हाय म्हटलं. लॅपटॉप तिथंच राहू दिला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.