अख्खा बिल्ला

मी ट्रॉय, मिशिगनमध्ये गाड्यांच्या ब्रेक्सवर काम करणारा इंजिनिअर. वय बावन्न. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचतो ते खरं तर त्यातल्या चुका काढायला. म्हणून स्वतःचा लिहिताना लाज वाटतेय... पण यात माझी एक चूक आहे, आणि ती कुठेतरी कबूल करायचीय.

मला दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू जमवायचा नाद आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या जवळच एक म्हातारे गृहस्थ वारले. अमेरिकन सैन्यात होते. त्यांच्या घरच्या सामानाच्या विक्रीत मला सिगारच्या डब्यात एका जर्मन सैनिकाचा ओळख पटवायचा बिल्ला मिळाला. जस्ताचा, लंबगोल. यावर नाव नसतं, फक्त तुकडी आणि नंबर. मधोमध चिरा असतात. सैनिक मेला की खालचा अर्धा भाग मोडून वर पाठवायचा, उरलेला त्याच्याबरोबर पुरायचा. माझा अख्खा होता. मी खूश!

हाच नाद असलेला माझा मित्र डग मात्र खूश नव्हता. म्हणाला, प्रेतावरून कुणीतरी आठवण म्हणून काढून घेतला असणार, म्हणजे तो पोरगा अजून बेपत्ताच असेल. बेपत्ता सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या जर्मनीतल्या दफ्तराला नंबर कळव. फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला... आणि पाठवला नाही. घरचे सापडले तर बिल्ला मागतील, ही भीती. तीन वर्षं तो बेसमेंटमधल्या खणात पडून होता. बायकोला, वृंदालाही सांगितलं नव्हतं.

मग बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. त्र्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले. बेसमेंटच्या पायऱ्या ते एकदाही उतरले नाहीत. सर्वपित्री अमावस्येला सकाळी ते किचनमध्ये ताम्हण घेऊन तर्पणाला बसले. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचाही हा दिवस. मी मीटिंग म्यूट करून त्यांच्या हातावर पाणी घालत होतो. आजोबा, पणजोबा, सगळ्यांची नावं पुटपुटत झाली. मग त्यांनी शेवटची ओंजळ घेतली आणि जवळजवळ ओरडूनच मंत्र म्हटला.

वृंदा सिंकपाशी हसली. "बाबा, वर गेलेल्यांना हळू बोललं तरी ऐकू जातं."

"त्यांना जातं गं. याचा उजवा कान गेलाय."

"कोणाचा?" मी विचारलं.

"खालच्या मुलाचा. तुम्ही कामावर गेलात की येऊन बसतो. नाव विचारलं तर नुसता नंबर सांगतो." बाबा बोटांचे तीळ झटकत होते. "घरी कळवायचं राहिलंय म्हणाला. तुझ्याकडे अडकलंय ना ते?"

मी तांब्या ओट्यावर ठेवला. मीटिंग तशीच सोडून मी खाली गेलो आणि फॉर्म पाठवला.

सात महिन्यांनी उत्तर आलं. हेल्मुट, वय एकोणीस, सुताराचा मुलगा, बेपत्ता. इस्पितळातली नोंद — तोफगोळ्याच्या स्फोटात उजव्या कानाचा पडदा फाटला, अकरा दिवस उपचार, परत आघाडीवर.

नंबरचं सोडा, बिल्ल्याबद्दल मी कधी डगशी फोनवर बोललो असेन, ते बाबांच्या कानावर पडलं असेल. या वयात भासही होतात. पण कान? तो कागद तर मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

त्याच्या भाचीचा पत्ता मिळाला. मी बिल्ला पाठवून दिला. तिने लिहिलं, की मामाला मृत ठरवायच्या कागदावर तिच्या आईने, म्हणजे त्याच्या बहिणीने, शेवटपर्यंत सही केली नाही. नक्की कळल्याशिवाय नाही, म्हणायची. आणि माझा फॉर्म पोचण्याच्या आदल्या वर्षी ती गेली.

बाबांना ते कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. फॉर्म तीन वर्षं का पडून राहिला, याचं मात्र आहे. ते मी भाचीला खरं खरं लिहिलं. त्यानंतर तिचं पत्र आलेलं नाही.