सरांच्या सायकलचे ब्रेक

हिरामणच्या दुकानाला पाटी नाही. कुंभिवलीत जुन्या हायवेच्या कडेला एक पत्र्याची शेड, बाहेर टांगलेले तीन टायर आणि हवेचं मशीन, एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळतं. बापाने जन्मभर भातशेती केली. हिरामणने ती दोन वर्षं करून पाहिली, मग पान्याला हात घातला, आणि तो आज सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत सुटलेला नाही.

पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातले कामगार आणि दूधवाले. दहा-बारा वर्षांपूर्वी हेल्मेटवाले येऊ लागले. कोणी पुण्याला, कोणी गोव्याला, एक पठ्ठ्या तर थेट कन्याकुमारीला निघालेला, आणि तेही सायकलवरून, हौसेने! हिरामणला ही माणसं आधी अर्धवट वाटली. दारात गाडी असताना मांड्या दुखवून घ्यायच्या, याला काय म्हणावं? पण त्यांच्या सायकली बघून गडी पाघळला. शिकवायला कोणी नव्हतं. उघडायचं, डोक्यात ठेवायचं, परत लावायचं. असं करत करत तो इतका तयार झाला की पनवेलपासून लोणावळ्यापर्यंत कोणाची सायकल कुरकुरली की त्याचाच फोन वाजतो.

त्याचा नियम एकच. दुरुस्त केलेली सायकल आधी स्वतः चालवून बघायची, मगच मालकाच्या हातात द्यायची. शेडच्या मागे नदीकडे जाणारा उतार आहे. त्यावरून सुसाट जायचं आणि खाली करकचून ब्रेक दाबायचा. मालक कितीही घाईत असो, सायकल कितीही महागाची असो, हिरामण खाली जाऊन परत आल्याशिवाय सुटका नाही.

या नियमातून सुटका होती ती फक्त अप्पा दिघ्यांच्या सायकलची. अप्पा कर्जतचे, पण खालापूरच्या शाळेत गणित शिकवायचे. हिरामणला गुणोत्तर कळेना, तेव्हा त्यांनी वर्गात सायकल आणून त्याला चेनच्या चक्रांचे दाते मोजायला बसवलं होतं. त्याच्या आयुष्यातलं कळलेलं गणित तेवढं एकच, आणि त्यावर त्याचं पोट चाललंय. अशा माणसाच्या सायकलवर बूड टेकायचं? शाळेत सरांच्या खुर्चीला चुकून पाय लागला तरी मुलं नमस्कार करत. हिरामण अप्पांची सायकल उभ्यानेच तपासायचा, हँडलला हात लावून तो हात छातीला लावायचा आणि सोडायचा.

निवृत्तीनंतर अप्पांनी सायकलवरून मुलूख हिंडायला सुरुवात केली, आणि प्रत्येक दौऱ्याहून परतताना ते हिरामणच्या स्टुलावर तासभर बसत. सांगत, अरे, या वेगात कुठल्या घरात भाकरी भाजतायत आणि कुठे सुकट, ते सुद्धा नाकाला कळतं. चढ संपल्यावर विहिरीचं पाणी प्यावं, तशी चव कशाला नाही. हिरामण पान्याने काम करत ऐकायचा. तो स्वतः सायकलवरून खोपोलीच्या पुढे कधी गेला नव्हता, पण अप्पांच्या तोंडून त्याचा अर्धा महाराष्ट्र पालथा घालून झाला होता.

यंदा डिसेंबरात अप्पा अडुसष्टाव्या वर्षी बारा दिवसांच्या दौऱ्यावर निघाले. लोणावळ्याला भाचीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरून कोकण, मग किनाऱ्याने गोवा. जाता जाता कुंभिवलीत थांबून त्यांनी ब्रेकची रबरं बदलून घेतली. एरवी हिरामण जुनं रबर खोबणीतून ओढून नवं सरकवतो, पाच मिनिटांचं काम. पण सरांचा मोठा दौरा! त्याने रबरं धरणाऱ्या धातूच्या खोबणीसुद्धा सोडवल्या, रॉकेलने धुतल्या, चकचकीत पुसल्या आणि मग बसवल्या. हँडलला हात लावून नमस्कार केला. अप्पा घंटी वाजवत खोपोलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पनवेलची एक मुलगी हवा भरायला थांबली. तिची सायकल अप्पांच्याच जातीची. हवा भरता भरता हिरामणची नजर तिच्या पुढच्या ब्रेकवर गेली आणि त्याचा हात थांबला. खोबणीचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. मुलीच्या सायकलला बंद तोंड पुढे होतं. असायलाच हवं, कारण ब्रेक दाबला की फिरतं चाक रबराला पुढे ओढतं, आणि ते बंद तोंड त्याला अडवतं.

काल त्याने काय केलं होतं? डोळ्यांसमोर चित्र लख्ख होतं. धुतलेल्या चारही खोबणी फडक्यावर एका ओळीत ठेवल्या होत्या, आणि तशाच उचलून लावल्या होत्या. डाव्या उजवीकडे, उजव्या डावीकडे. उघडी तोंडं पुढे.

हिरामणने मनातल्या मनात सरांचा रस्ता धरला. सपाटीवर काही कळणार नाही. चढावर तर ब्रेक लागतच नाही. पण ताम्हिणीच्या उतारावर जीव खाऊन ब्रेक दाबला की रबरं सुर्रकन पुढे निसटून बाहेर पडणार, पुढची आणि मागची दोन्ही. मंदीच्या दिवसांत रिकामी शेड बघून त्याने पुष्कळ काळज्या केल्या होत्या, पण आपल्या हातून माणूस मरेल हे भय त्याला ठाऊक नव्हतं. ते त्या क्षणी ठाऊक झालं.

अप्पांचा फोन बंद. त्याने कर्जतला घरी फोन लावला. अप्पांच्या पत्नी द्वारकाकाकूंनी उचलला.

"काकू, हिरामण बोलतोय, कुंभिवलीवरून. सरांचा फोन लागत नाय."

"अरे, सायकलवर असले की बंदच ठेवतात. सहाला निघाले लोणावळ्याहून. आज ताम्हिणी उतरणार म्हणत होते. का रे?"

"काय नाय. सहज."

"सहज कधी फोन करतोस तू? हिरामण, काय झालंय?"

"काय नाय ओ काकू. त्यांचा पंप ऱ्हायलाय हितं."

 काकू म्हणाल्या, "बरं, भेटले तर दे." फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होता? तुमच्या नवऱ्याचे ब्रेक मी काढून ठेवलेत?

मुलीची हवा तशीच अर्धी टाकून त्याने किल्ली घेतली आणि मोटरसायकल खोपोलीच्या रस्त्याला लावली. बोरघाट कसा चढला, त्याला आठवत नाही. लोणावळा मागे पडला आणि पुढचा रस्ता त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मनात एकच हिशेब: अप्पा चार तास पुढे आहेत.

घुसळखांबच्या फाट्यावर टपरीवालीला विचारलं. "म्हातारे सर ना? थांबले होते की! दोन कप चहा घेतला. माझ्या पोरीला नवाचा पाढा बोटांवर शिकवून गेले." ती हसत होती. हिरामणला तिच्या हसण्याचा राग आला.

पुढे एक गुराखी भेटला. म्हणाला, "गानं म्हनत चालला व्हता म्हातारा. मला हात केला त्यानं."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. हिरामणने गाडी आणखी पिटाळली. खुशीत असलेला माणूस ब्रेक उशिरा दाबतो, हे इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला पक्कं कळलं होतं. लहानसहान उतार तर वाटेत येतच होते. प्रत्येक उतारावर तो गाडी हळू करून कडेला बघायचा. एका वळणाखाली झुडपात काहीतरी लाल अडकलेलं दिसलं. अप्पांचं जाकीट लाल होतं. गाडी टाकून तो धावला, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडून घेतले. खताची रिकामी पिशवी होती. त्याने पिशवीला शिव्या घातल्या.

साडेबारा वाजता ताम्हिणीचं तोंड आलं. घाट जिथे खाली कोसळतो, तिथे एक लिंबूसरबतवाला होता, आणि त्याच्या छत्रीपुढे लाल जाकीट. अप्पा सरबत पिऊन हेल्मेटचा पट्टा लावत होते. एक पाय पेडलवर. मग दुसराही जमिनीवरून उचलला.

"सर, उतरा!"

जन्मात तो सरांवर ओरडला नव्हता. आवाज इतका भेसूर निघाला की सरबतवाल्याच्या हातातून पेला पडला. सायकल दोन हात पुढे सरकली होती, तेवढ्यात अप्पांनी पाय टेकले आणि शाळकरी पोरासारखे खाली उतरले.

"हिरामण? तू इथे?"

हिरामण मोटरसायकल उभी करून पुढे आला. सायकलपुढे गुडघ्यांवर बसला. पुढच्या चाकाचं उजवं रबर अर्धं बाहेर आलेलं होतं. एक दाब, फार तर दोन.

"ते होय," अप्पा म्हणाले. "काल लोणावळ्यातच जरा पुढे आलं होतं. आज सकाळीही. अंगठ्याने आत ढकललं. म्हटलं, हिरामणने बसवलंय म्हणजे असंच असणार."

हिरामणने वर पाहिलं. भीतीपेक्षा वाईट काही असतं, ते आता त्याच्या छातीत शिरलं. सरांनी चूक दोनदा पाहिली होती. केवळ त्याच्यावरच्या भरवशापायी ती चूक त्यांना चूक वाटली नव्हती.

"असा कोनावर इस्वास टाकतात का, सर?" तो रडकुंडीला येऊन ओरडला. "मी उलट्या लावल्या. चारी उलट्या लावल्या! तुमी मेला असता! माज्या हातानं मेला असता तुमी!"

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी घाटाकडे पाहिलं. खाली रस्ता वळणं घेत झाडीत दिसेनासा होत होता, आणि उतार कुठे किती तीव्र आहे हे त्यांना वाचून पाठ होतं. ते रस्त्याच्या कठड्यावर बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

हिरामणने खोबणी सोडवल्या. पाना तीनदा निसटला. डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे, बंद तोंडं पुढे. मग काही न विचारता तो सरांच्या सायकलवर बसला, घाटात पहिल्या वळणापर्यंत गेला, जीव खाऊन ब्रेक दाबला, आणि धापा टाकत सायकल ढकलत वर आला.

"आता जा," तो म्हणाला. "मी मागून येतो, घाटाखाली इळे गावापर्यंत."

अप्पा उठले. पण लगेच सायकलवर बसले नाहीत. सायकलजवळ वाकले, चष्मा कपाळावर चढवला, आणि पुढचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं. नंतर दुसरं. मागचीही दोन. मधेच थांबून ओशाळल्यासारखं म्हणाले, "बघतोय हं, हिरामण. राग मानू नकोस."

"बघा, सर," हिरामण म्हणाला. "नीट बघा."

ते बघत होते तोवर तो सायकल धरून शेजारी उभा राहिला.